एम८३ चा ‘हरी अप, वी आर ड्रीमिंग’: समीक्षक काय म्हणाले, ऐकणारे काय म्हणतात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कुठला अल्बम? मी तर नावही ऐकलेलं नाही.

नाव नसेल ऐकलं, पण त्यातलं काहीतरी कानावरून गेलेलं असणार, पैज लावा. एम८३ म्हणजे मुळात एकच माणूस, अँथनी गोंझालेझ, दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठच्या आंतीब गावचा. सुरुवातीला निकोला फ्रोमाजो बरोबर होता, २००३ च्या दुसऱ्या अल्बमनंतर तो बाहेर पडला आणि मग सगळा कारभार गोंझालेझकडे आला. बँडचं नाव आकाशातल्या एका दीर्घिकेवरून घेतलंय, मेसिए ८३ वरून, आणि संगीत ऐकलं की कळतं की हे नाव उगाच नाही घेतलेलं, याला लहान काही सुचतच नाही.

हा अल्बम ऑक्टोबर २०११ मध्ये आला. डबल अल्बम, दोन डिस्क, २२ ट्रॅक, सव्वा तासाला दोनेक मिनिटं कमी. सिंथ (सिंथेसायझर), मोठे ड्रम, व्हायोलिनांचे थर, लांबून ओरडल्यासारखा आवाज, मध्येच कुणीतरी गोष्ट सांगतंय, असं सगळं. तुम्ही ‘मिडनाइट सिटी’ ऐकलं असेल, ते पहिल्या सेकंदाला मांजर किंचाळल्यासारखी धून सुरू होते ना, तेच. किंवा ‘क्लाउड अ‍ॅटलस’चा ट्रेलर बघितला असेल तर त्यात ‘आउट्रो’ होतं. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ बघताना रडला असाल (आपल्याकडे त्याचाच ‘दिल बेचारा’ झाला) तर त्या मूळ इंग्रजी सिनेमात ‘वेट’ आहे. म्हणजे अल्बम तुम्ही तुकड्यातुकड्यात ऐकलाय, फक्त ते तुकडे एकाच घरचे आहेत हे माहीत नव्हतं.

समीक्षकांनी किती मार्क दिले?

पिचफोर्क या अमेरिकन संगीतसमीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी ९.१ दिले, वर ‘बेस्ट न्यू म्युझिक’चा शिक्का. तेव्हा पिचफोर्कचा ९ च्या वरचा आकडा म्हणजे मोठी गोष्ट होती, आकडा बघून लोक अल्बम घ्यायचे किंवा आकडा बघून मुद्दाम चिडायचे. वर्षअखेरच्या यादीत त्यांनी या अल्बमला तिसरं ठेवलं, वर बॉन इव्हेर आणि डिस्ट्रॉयर. आणि ‘मिडनाइट सिटी’ला २०११ चं सर्वोत्तम गाणं, पहिला नंबर.

पण हे एका ठिकाणचं झालं. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या समीक्षकांचे मार्क गोळा करणाऱ्या साइटवर, सगळ्यांची सरासरी शंभरपैकी ७६. म्हणजे चांगला, पण पिचफोर्कवाला ९१ कुठे आणि हा ७६ कुठे. या दोन आकड्यांमधल्या पंधरा मार्कांतच या अल्बमचा सगळा वाद बसलाय असं माझं मत आहे.

मग ७६ च का? तक्रार काय होती?

एकाच गोष्टीची, वेगवेगळ्या शब्दांत. जास्त आहे. लांबी जास्त, आवाज जास्त, भावना जास्त, रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) जास्त, प्रत्येक गाणं शेवटी आभाळाला भिडायलाच हवं का, असं. पंगतीत नको नको म्हणताना पानात चौथी जिलबी पडते तसं काही समीक्षकांना झालं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा एका बैठकीत ऐकलं की मलाही तसंच होतं. दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर कान थकतो. ‘स्प्लेंडर’ येईपर्यंत आपण दहा वेळा आकाशात जाऊन आलेलो असतो, आता अकराव्यांदा कुठे जायचं?

गंमत अशी की ज्यांना आवडला त्यांनीही हेच लिहिलं. हा माणूस लाजत नाही, हात राखून काही करत नाही, सगळं ओतून मोकळा होतो. तोच गुण, तोच दोष. २०११ साली त्याच्या आजूबाजूला जे स्वप्नाळू इलेक्ट्रॉनिक संगीत चाललं होतं ते बघा, वॉश्ड आउट, निऑन इंडियन, टोरो य मोआ, ज्याला चिलवेव्ह म्हणायचे. ते सगळं धूसर, अर्धवट झोपेतलं, बेडरूममध्ये लॅपटॉपवर केलेलं आणि ऐकूही तसंच येणारं. त्यात गोंझालेझ स्टेडियम घेऊन आला. काही जणांना ते उद्धट वाटलं, काही जणांना वाटलं अरे चला, कुणीतरी एकदाचं तोंड उघडून गातंय.

आणि गोंझालेझने हे जाणूनबुजून केलं होतं. आधीच्या अल्बमनंतर द किलर्स, डेपेश मोड, किंग्ज ऑफ लिऑन यांच्याबरोबर तो सपोर्टला (त्यांच्या आधी वाजवायला) फिरला, म्हणजे हजारो लोकांपुढे, जे त्याला बघायला आलेले नव्हते. मग फ्रान्स सोडून लॉस एंजेलिसला गेला, वाळवंटात एकटा गाडी घेऊन जायचा आणि तिकडे लिहायचा. निर्मितीला बरोबर घेतला जस्टिन मेल्डल-जॉन्सन, जो बेक आणि नाइन इंच नेल्सबरोबर बास वाजवलेला माणूस. डबल अल्बमची हौस स्मॅशिंग पंपकिन्सच्या ‘मेलन कॉली’वरून आली असंही त्याने सांगितलंय. तो पण नव्वदच्या दशकातला दोन डिस्कचा, सगळं काही कोंबलेला अल्बम. म्हणजे ‘जास्त झालं’ ही तक्रार त्याच्यापर्यंत पोचली असेल तर तो म्हणाला असेल, हो मग.

ते छोटे छोटे ट्रॅक, ते फिलर (नुसती जागा भरायला टाकलेले) आहेत ना? उडवले तर चालतील?

यावरून लोक भांडतात आणि मी पण भांडतो. मोठ्या गाण्यांच्या मध्ये ‘व्हेअर द बोट्स गो’, ‘ट्रेन टू प्लुटन’, ‘अनदर वेव्ह फ्रॉम यू’, ‘फाउंटन्स’, ‘क्लाउस आय लव्ह यू’ असे दीड-दोन मिनिटांचे तुकडे आहेत. बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये यांचा उल्लेख ‘हे काढले असते तर एका डिस्कचा जबरदस्त अल्बम झाला असता’ अशा सुरात यायचा. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं अजूनही हेच मत आहे, प्लेलिस्टमध्ये हे तुकडे कुणी टाकत नाही.

माझं म्हणणं, एकदा काढून बघा. खरंच, ‘रियुनियन’ संपल्या संपल्या थेट ‘वेट’ लावा. ‘वेट’ बिचारं मरतं. ते गाणं सुरूच इतकं हळू होतं, साधी गिटार, एक शब्द लांबवत लांबवत म्हणायचा, की आधी कान रिकामा झालेला असायला लागतो, आणि ‘व्हेअर द बोट्स गो’ ते काम करतं. ट्रॅक म्हणून त्यात काही नाही हे कबूल, पण त्याला गाणं म्हणून मार्क द्यायला कुणी सांगितलं होतं? सगळे तुकडे असे कामाचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘फाउंटन्स’ नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

यातली एक गोष्ट रिव्ह्यू वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. दोन डिस्क म्हणजे भाऊ आणि बहीण, आणि एका डिस्कवरच्या गाण्याला दुसऱ्या डिस्कवर त्याचं भावंड आहे अशी गोंझालेझची कल्पना होती. कव्हरवर दोन मुलं आहेत ती त्यामुळेच. आता कुठलं गाणं कुणाचं भावंड यावर लोक तासन्‌तास डोकं लावतात. मला स्वतःला दोन-तीन जोड्या पटतात, बाकी ओढूनताणून वाटतात. पण आठवड्याभरात रिव्ह्यू लिहून द्यायचा असलेल्या माणसाने हे कधी आणि कसं ऐकायचं? त्याला सलग ७३ मिनिटं मिळतात आणि मग डेडलाइन.

ती लहान मुलगी बेडकाची गोष्ट सांगते, ते काय प्रकरण आहे?

‘रॅकोंत-म्वा युन इस्त्वार’. अल्बममधला सगळ्यात जास्त भांडणं लावणारा ट्रॅक हाच, लांबी जेमतेम चार मिनिटं. खाली उड्या मारणारी, खेळण्यातल्यासारखी सिंथची धून, आणि वर एक चिमुरडी इंग्रजीत सांगतेय की एक छोटासा बेडूक आहे, जंगलात सापडतो, त्याला हात लावला की सगळं जग बदलतं, आपण हसतच सुटतो, मग आपण सगळेच बेडूक होऊ. आवाज आहे निर्माता मेल्डल-जॉन्सनच्या मुलीचा.

न आवडणाऱ्यांचं म्हणणं: गोड गोड, मुद्दाम केलेलं, आणि दुसऱ्यांदा ऐकवत नाही. काहींना त्यात नशेच्या बेडकाचा विनोद दिसतो (खरोखरच असे बेडूक असतात, त्यामुळे शंका अगदीच वेडगळ नाही). आवडणाऱ्यांचं म्हणणं: हाच अल्बमचा गाभा, कारण स्वप्नं लहानपणी वेगळी, वयात येताना वेगळी, मोठेपणी वेगळी, हाच तर विषय गोंझालेझने घेतला होता.

मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्किप केलं. पण त्या मुलीच्या सांगण्याकडे नीट लक्ष दिलं तर ती लिहिलेलं वाचत असूनही मध्येच श्वास चुकवते, शब्दावर नको तिथे जोर देते, आणि गोंझालेझने ते स्वच्छ करून घेतलं नाही, तसंच ठेवलं. बाकी अख्ख्या अल्बममध्ये प्रत्येक आवाजावर चार थर चढवलेत आणि इथे एक आवाज तसाच कोरडा ठेवलाय. गोड आहे म्हणून सोडून देऊ नका एवढंच.

‘मिडनाइट सिटी’मधला तो सुरुवातीचा आवाज कसला आहे? सिंथ?

माणूस. गोंझालेझने स्वतःच्याच आवाजावर प्रक्रिया करून करून तो इतका पिळलाय की वाद्य वाटतो. हे कळल्यावर परत ऐका, वेगळंच ऐकू येतं, कुणीतरी रात्री पुलावरून ओरडतंय असं.

एवढ्या २२ ट्रॅकमधून सगळे त्या एकाच गाण्याबद्दल का बोलतात?

कारण ते आधी आलं. २०११ च्या जुलै-ऑगस्टमध्येच ते बाहेर पडलं, अल्बमच्या दोन-तीन महिने आधी, त्यामुळे अल्बम हातात आला तेव्हा लोक ते गाणं पाठ करून बसलेले. अल्बमबद्दल मत काय असावं हे त्या गाण्याने ठरवून टाकलं होतं. ज्यांना वाटलं की आता अशीच २१ गाणी असणार ते ‘इकोज ऑफ माइन’पर्यंत पोचले आणि म्हणाले, हे काय, इथे कुणीतरी फ्रेंचमध्ये नुसतं बोलतंय.

बरं, हिट म्हणजे किती हिट? अमेरिकेच्या मुख्य सिंगल्स चार्टच्या वरच्या दहात हे गाणं कधी गेलेलं नाही. पण रेडिओच्या आकड्यापेक्षा जाहिराती, मालिका, खेळांच्या मॅचचे हायलाइट्स, मॉलमधली दुकानं, यातून ते जास्त पसरलं. त्यामुळे त्याचा एक विचित्र प्रकारचा श्रोता तयार झाला, ज्याला गाणं पक्कं माहिती आहे आणि गाणाऱ्याचं नाव माहिती नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना ते ‘कुठल्याशा जाहिरातीतलं’ म्हणूनच माहितीये.

आणखी एक, त्याच वर्षी ‘ड्राइव्ह’ सिनेमा आला होता, निऑन दिवे, रात्रीचं शहर, मागे सिंथ. म्हणजे हवेतच ते होतं. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात जाऊन बसले.

शेवटचा सॅक्सोफोन: भारी की चीझी?

दोन्ही, आणि त्यातच मजा आहे. गाणं संपत आलंय असं वाटतं आणि शेवटच्या मिनिटात एकदम सॅक्सोफोन घुसतो. वाजवलाय जेम्स किंगने, फिट्झ अँड द टँट्रम्सवाला. तिकडे ऐंशीच्या दशकानंतर सॅक्सोफोन सोलो म्हणजे हसण्याचा विषय झालेला होता, हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत, केसांना जेल लावलेला माणूस वगैरे. त्यामुळे कित्येक समीक्षकांना आधी ठरवावं लागलं की हा माणूस टर उडवतोय की मनापासून वाजवतोय. मनापासूनच होतं हे कळायला वेळ लागला नाही.

पण २०११ हे सॅक्सोफोनचं वर्षच होतं. लेडी गागाच्या ‘द एज ऑफ ग्लोरी’त क्लॅरेन्स क्लेमन्स, केटी पेरीच्या ‘लास्ट फ्रायडे नाइट’मध्ये सॅक्सोफोन, डिस्ट्रॉयरच्या ‘कपुट’वर तर जागोजागी. क्लेमन्स त्याच वर्षी जूनमध्ये गेला. या सगळ्यात लोकांच्या लक्षात राहिला तो ‘मिडनाइट सिटी’चा, का ते सांगतो: तो संपत नाही. सोलो चालू असतानाच आवाज हळूहळू कमी होत जातो, सॅक्सोफोनवाला वाजवतोच आहे आणि आपणच लांब निघून गेलो असं वाटतं.

आपल्याकडच्या कानांना यातलं निम्मं भांडण कळणारच नाही म्हणा. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन ऐकत जे मोठे झाले त्यांना हे वाद्य कधी हास्यास्पद वाटलंच नव्हतं, त्यामुळे परत आलं म्हणून आश्चर्यही नाही. हे गाणं माझ्या वडिलांना ऐकवलं तर त्यांनी फक्त विचारलं की हे एवढ्या उशिरा का आलं, आधीपासून का नाही वाजवत.

तो गातो ते एक अक्षर कळत नाही. माझा कान खराब आहे का?

नाही हो. शब्द मुद्दाम आवाजाच्या ढिगाखाली पुरलेत. हे घराणं शूगेझचं, म्हणजे गिटारच्या दाट आवाजात गाणं बुडवून टाकणारं, माय ब्लडी व्हॅलेंटाइन आणि कॉक्टो ट्विन्सच्या वळणाचं, तिथे शब्द कळायलाच हवेत असा काही नियम नाही.

पण आवाजाबद्दल मतं बदलली हे खरं. आधीच्या अल्बमांवर गोंझालेझ फार कमी गायचा, गायला तरी कुजबुजल्यासारखं. इथे तो छाती फुटेस्तोवर गातो. पहिलंच ‘इंट्रो’ घ्या, बरोबर झोला जीझस ही गायिका आहे, तिचा आवाज मुळातच चर्चमध्ये घुमल्यासारखा, आणि हा तिच्याशी स्पर्धा केल्यासारखा ओरडतो. पीटर गेब्रिएलशी तुलना तेव्हा बरीच झाली आणि ती चुकीची नाही. सूर सगळीकडे अचूक लागतो असं कुणी म्हणणार नाही. ‘माय टियर्स आर बिकमिंग अ सी’मध्ये तर तो जवळजवळ तुटतो, पण तिथे तुटलेलाच बरा वाटतो.

शब्दांवर टीका झाली ती वेगळी. छापील शब्द वाचले तर बऱ्याच ठिकाणी शाळेतल्या वहीच्या मागच्या पानावरचे वाटतात, चांदणं, शहर, राजा, समुद्र, तू आणि मी. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सुदैवाने ऐकू येत नाहीत.

जुने फॅन नाराज झाले होते म्हणे?

काही झाले. ज्यांनी २००३ चा ‘डेड सिटीज, रेड सीज अँड लॉस्ट घोस्ट्स’ कुरवाळून ऐकला होता त्यांना तो खरखरीत, शब्द नसलेला, भिंतीसारखा सिंथ हवा होता. मग २००८ ला ‘सॅटर्डेज = यूथ’ आला, तो ऐंशीच्या दशकातल्या टीनएज सिनेमांच्या प्रेमातला, आणि तिथून वाट पॉपकडे वळली होतीच. ‘हरी अप’ आला तेव्हा त्यांचा बँड एकदम सगळ्यांचा झाला, कॉलेजातल्या पोरांपासून गाडीच्या जाहिरातीपर्यंत. यातली किती नाराजी संगीताबद्दल आणि किती ‘आम्ही आधी ऐकत होतो’ची, हे प्रत्येकाने आपापल्याशी तपासावं.

हे ऐंशीच्या दशकाची सरळ कॉपी नाही का?

सामान सगळं त्या काळचं आहे, गेटेड ड्रम (घुमणारा आवाज झटकन तोडलेले), ‘क्लॉडिया लुइस’मधला चापटी मारल्यासारखा वाजणारा बास, सॅक्सोफोन. पण एवढे थर त्या काळच्या गाण्यांत सहसा सापडत नाहीत, टेपवर ते रचणं सोपंही नव्हतं. आठवण त्या काळाची आहे, आवाज २०११ चा. कॉपी म्हणणारे बहुतेक एकच गाणं ऐकून म्हणतात.

ग्रॅमी मिळालं का? विक्री?

नामांकन मिळालं, २०१३ च्या सोहळ्यात, सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमसाठी. बरोबर फिओना अ‍ॅपल, ब्योर्क, टॉम वेट्स. जिंकला गोटये, ‘समबडी दॅट आय यूज्ड टु नो’वाला. त्या वर्षी गोटयेपुढे कुणाचं काय चालणार होतं.

विक्रीचं म्हणाल तर अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० वर पहिल्याच आठवड्यात १५ वा. फ्रान्समधल्या इंडी माणसाच्या दोन डिस्कच्या अल्बमसाठी हे फारच झालं.

व्हिडिओंमध्ये त्या डोळे चमकणाऱ्या मुलांची काय स्टोरी आहे?

फ्लर आणि मनू या जोडीने ‘मिडनाइट सिटी’, ‘रियुनियन’ आणि ‘वेट’ असे तीन व्हिडिओ मिळून एकच गोष्ट केलीये. अंगात शक्ती असलेली मुलं एका संस्थेतून पळतात, शहराकडे बघत सूर्य बुडवतात, मग पाठलाग, मग शेवट पार अंतराळात. ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’, ‘अकिरा’, स्पीलबर्ग, सगळ्यांची आठवण येते आणि ती यावी म्हणूनच केलंय. कित्येकांसाठी हा अल्बम म्हणजे हीच मुलं. मी मात्र व्हिडिओ आधी बघू नका असं सांगेन, नंतर ‘वेट’ ऐकताना डोळ्यांसमोरून ती मुलगी हलत नाही.

‘आउट्रो’ एवढं का वापरतात? आणि वापरून वापरून बिघडलं का?

वापरतात कारण ते ट्रेलरसाठी मापात शिवल्यासारखं आहे. आधी तंतुवाद्यं हळूहळू चढतात, मग सगळं थांबल्यासारखं होतं, तो चार ओळी गातो की मी माझ्या मुलखाचा राजा वगैरे, आणि मग ड्रम कोसळतात, शब्द संपले, आता फक्त उंची. चार मिनिटांत अख्खा सिनेमा. ‘क्लाउड अ‍ॅटलस’ झाला, मग ‘व्हर्साय’ या फ्रेंच राजदरबाराच्या मालिकेचं शीर्षकसंगीत झालं, मग रील्स, मग लोकांचे लग्नाचे व्हिडिओ, सिक्स-पॅकवाल्यांचे प्रेरणादायी व्हिडिओ, डोंगरावरून ड्रोन.

बिघडलं का? थोडं बिघडलंच. सुटं ऐकलं की आता कुणीतरी काहीतरी विकणार असं वाटतं. पण ७० मिनिटं ऐकून त्याच्यापाशी पोचलात तर ते वेगळं लागतं, कारण तोवर कान थकलेला असतो आणि ते थकव्यावर उतरतं. समीक्षक ज्या लांबीला नावं ठेवत होते तीच लांबी इथे कामाला येते. आणि गोष्ट अशी झालीये की ज्यांनी अल्बमला जास्तीचं म्हणून मार्क कापले आणि ज्यांनी दोन गाणी उचलून बाकी सोडून दिली, दोघांनी मिळून एकच अल्बम बारीक करून टाकला. पूर्ण आकारात तो ऐकणारे तेव्हाही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत, पण जे आहेत ते चिवट आहेत.

पुढचे अल्बम का नाही एवढे चालले?

आधी २०१३ ला टॉम क्रूझच्या ‘ऑब्लिव्हियन’चं पार्श्वसंगीत आलं, जोसेफ ट्रॅपनीसबरोबर. मग पाच वर्षांच्या वाट बघण्यानंतर २०१६ ला ‘जंक’. कव्हरवर विचित्र बाहुल्या, आत जुन्या टीव्ही मालिकांच्या शीर्षकगीतांसारखी गाणी, स्टीव्ह व्हायची गिटार, बेकचा आवाज. लोक दुसऱ्या ‘मिडनाइट सिटी’ची वाट बघत बसलेले, त्यांच्या हातात हे आलं. रिव्ह्यूही गोंधळलेले होते. माझ्या मते तो वाटतो तेवढा वाईट नाही, पण ‘हरी अप’च्या नंतर आला हा त्याचा गुन्हा. २०१९ ला ‘डीएसव्हीटू’ हा जवळजवळ विनाशब्द अल्बम आणि २०२३ ला ‘फँटसी’, ज्यात तो परत मोठ्या आवाजाकडे आला आणि जुन्या लोकांनी जरा हुश्श केलं.

मला ७३ मिनिटं नाहीत. कुठून सुरू करू?

पहिली डिस्क घ्या, साधारण अर्धीच लांबी, आणि क्रमाने ऐका, ‘इंट्रो’ ते ‘सून, माय फ्रेंड’. ती एकटी धरली तर मी ९.१ ला हरकत घेणार नाही. दुसरी डिस्क जरा सैल आहे, पण ‘न्यू मॅप’, ‘ओके पाल’ आणि ‘स्टीव्ह मॅक्वीन’ सोडू नका, तिसरं तर ‘मिडनाइट सिटी’च्या तोडीचं आहे आणि त्याला कुणी विचारत नाही.

लोकलमध्ये ऐकलं तर चालेल? फोनच्या स्पीकरवर?

फोनच्या स्पीकरवर नको, खालचे सगळे थर गायब होतात आणि उरतो तो नुसता कल्ला, मग तुम्ही पण मला येऊन सांगाल की यात काय एवढं. लोकलमध्ये कान बंद करणारे हेडफोन असतील तर चालेल, मोठी गाणी निभावून नेतात, पण ‘वेट’च्या सुरुवातीला पुढील स्टेशनची घोषणा आलीच म्हणून समजा. शफल बंद करा. आणि अ‍ॅपमधला क्रॉसफेड पण बंद करा, ट्रॅक एकमेकांत मुळातच मिसळलेले आहेत, त्यावर अ‍ॅपने परत मिसळलं की सगळा चोथा होतो.